रागाने पाहतो, पुन्हा रागाने पाहतो

मालिकेचा भाग स्टुडिओतून तिसऱ्यांदा परत आला तेव्हा तिने हेडफोन काढून टेबलावर आपटले. "आता काय डोकं फोडून घेऊ?" ती मोठ्याने म्हणाली. पलीकडच्या खोलीत सासूबाई रेडिओ ऐकत होत्या. त्यांनी आवाज कमी केला. तेही तिच्या डोक्यात गेलं.

तिचं काम असं, की ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी परदेशी मालिकांचं मराठीत वर्णन करायचं. पडद्यावर कोण आलं, कुठे बसलं, कोणी कोणाकडे कसं पाहिलं, हे सगळं दोन संवादांच्या मधल्या फटीत बसवायचं. एका श्वासाएवढी जागा, त्यात कोंबा काय कोंबायचं ते! स्टुडिओत सगळे तिला वर्णनवालीच म्हणत. आणि ह्या मालिकेच्या इंग्रजी वर्णनाच्या कागदावर तर रागाचा नुसता बाजार मांडलेला. बायको फ्राउन करते, नणंद स्काउल करते, वकील स्नीअर करतो, मुलगी पाउट करते. सासरा आधी ग्लेअर करतो आणि मग उठून दारात जाऊन ग्लावर करतो. अरे, एवढे तापलायत तर एकदाचे भांडा ना बाबांनो! तिने वैतागून सगळीकडे 'रागाने पाहतो' लिहून मोकळं केलं होतं.

"ऐकणारे म्हणतात, सगळे एकाच तोंडाने रागावतात," स्टुडिओचे साहेब फोनवर म्हणाले. "कोण चिडलंय, कोण रुसलंय, कोण टोमणा मारल्यासारखं बघतंय, काही कळत नाही. उद्या दुपारपर्यंत नीट करून द्या. नाहीतर मालिका दुसऱ्या कोणाकडे द्यावी लागेल."

किती खेटे घालून ही मालिका पदरात पडली होती! ती हातची जाणार म्हटल्यावर तिने पुन्हा हेडफोन चढवले.

संध्याकाळी नवऱ्याने चहाचा कप तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "आईला का नाही ऐकवत?"

"तुझ्या आईला?"

"तिला दिसत नाही म्हणून म्हटलं."

इतकी सरळ गोष्ट आपल्याला कशी सुचली नाही, ह्याचाच तिला जास्त राग आला. सासूबाईंची नजर गेल्या वर्षी गेली, आणि तेव्हापासून घरात प्रश्नांना तोटा नव्हता. दिवा चालू आहे का? दार कोणी उघडलं? माझा चमचा कुठे ठेवलास? ती तोंडाने "हो आई, देते आई" म्हणायची आणि मनातली सगळी भडास चेहऱ्यावर काढायची. डोळे वटारायची, ओठ मुडपायची, छताकडे बघून हात जोडायची. त्यांना कुठे दिसतंय! ह्यात कोणाचं काय जातंय, असं तिला वाटायचं.

शेवटी नाइलाज झाला. ती लॅपटॉप घेऊन त्यांच्या पलंगावर जाऊन बसली आणि तिने तोच भाग लावला.

"हा सासरा दारात काय करतोय?" सासूबाईंनी विचारलं.

"ग्लावर करतोय."

"म्हणजे?"

"रागाने पाहतोय, आई."

"अगं, ते ऐकलं की मी मघाशी. पण तोंडाचं काय करतो?"

"असं करतो." तिने करून दाखवलं आणि जीभ चावली.

"बघू," म्हणून सासूबाईंनी हात पुढे केला.

झालं! बसली बिचारी तोंड पुढे करून, एकेक चेहरा करत. सासूबाई फ्राउनवर बोटं फिरवत म्हणाल्या, "ह्या तर आठ्या. आठ्या घालते म्हण, संपलं." स्काउलला म्हणाल्या, "भुवया खाली, तोंड वाकडं, सगळा चेहराच आंबट झालाय." पाउटला तर हसूच लागल्या. "गाल फुगवलेत! तुझा नवरा लहानपणी असाच बसायचा." ग्लेअर करताना तिची पापणी हलत नव्हती, ते कळल्यावर म्हणाल्या, "हे डोळे वटारणं." आणि स्नीअरला ओठाचा एकच कोपरा वर गेलेला बोटाला लागल्यावर, "हा राग नाहीच मुळी, हा कुत्सितपणा."

"आई, एवढं बसत नाही हो! मध्ये एकच श्वास आहे."

"मग मोठा घे. आणि ते शेवटचं पुन्हा कर, नीट कळलं नाही."

तिने ग्लावर पुन्हा केलं. "पुन्हा." परत केलं. "अंहं, लटकं वाटतंय." आता मात्र तिचं डोकं सणकलं. मान खाली गेली, जबडा आवळला गेला, नजर भुवयांखालून वर आली. हे तिने केलं नव्हतं, आपसूक झालं होतं. सासूबाईंची बोटं तिच्या जबड्यावर थांबली.

"आता जमलं. आतल्या आत धुमसत बघतो, असं लिही." मग म्हणाल्या, "चहा देताना तू हेच करतेस ना?"

तिने चेहरा मागे घेतला.

"दिसत नाही गं मला. पण दात आवळून 'देते आई' म्हणतेस ते ऐकू येतं. मग चेहरा कसा असेल ते मीच ठरवते. आणि मी ठरवते ना, तो फार वाईट असतो."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने घाईघाईने पुढचा प्रसंग लावला. उरलेला भाग दोघींनी मिळून संपवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांचा फोन आला. "आता कसा एकेकाचा राग वेगळा कळतोय! पुढचे भागही तुम्हीच करा." ती आनंदाने सांगायला धावली, तर खोलीच्या दारातच प्रश्न आला, "अगं, मोरीतला नळ बंद केलास का?"

सकाळपासून पन्नासदा विचारून झालं होतं! "हो आई" तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच अडलं. मग तिने आपला स्टुडिओतला आवाज लावला.

"सून दारात उभी आहे. नळ बंद आहे. सून कपाळाला आठ्या घालते."

सासूबाईंनी कान टवकारले. त्यांनी विचारलं, "डोळे वटारलेस?"

"नाही."

"दात?"

"नाही हो आई. फक्त आठ्या."

"एवढंच होय?" सासूबाई उशीला टेकल्या. "मी उगीच भीत होते."