उजवीकडची सीट

"घाबरायचंय ना? आधी आरशात बघ, मग घाबर."

हे आमच्या सोसायटीतल्या काकूंचं वाक्य. गाडी शिकणारा रडकुंडीला आलेला असो, मागून कुणी हॉर्न बडवत असो, काकू डावीकडच्या सीटवर बसून एवढंच म्हणायच्या. आवाज चढवायच्या नाहीत. शिकणारा आरशात बघायचा आणि त्याची निम्मी भीती तिथेच जायची, कारण मागे बहुतेक वेळा ट्रक नसायचाच. भाजीचा टेम्पो असायचा, आणि टेम्पोवाला काकूंना ओळखून हात करत असायचा.

काकूंचं माहेर ठाण्याचं, कोपरीचं. लग्न होऊन डोंबिवलीत आल्या. नवरा लवकर गेला. त्याची गाडी दारात उभी होती, ती विका असं सगळे सांगत होते. काकूंनी तिच्यावर 'मोटार ड्रायव्हिंग स्कूल'चा बोर्ड चढवला. एमआयडीसीतल्या रविवारच्या मोकळ्या रस्त्यांवर त्यांनी डॉक्टरांना शिकवलं, शाळेतल्या बाईंना शिकवलं, एका भटजींना शिकवलं, घरी न सांगता आलेल्या कितीतरी बायकांना शिकवलं. मलाही त्यांनीच शिकवलं.

तुम्ही पाहिलं असेल, शिकवणीच्या गाडीत डावीकडच्या सीटखालीही ब्रेक आणि क्लच असतात. काकूंच्या पायांना त्यांची अशी सवय लागलेली की रिक्षात बसल्या तरी त्यांचे पाय दाबत राहायचे. एकदा मी बरोबर होतो. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "मावशी, पत्रा फाटेल माझा."

"तू वेळेवर दाब की, म्हणजे मी नाही दाबणार."

असं करत करत साठी आली. शाळा त्यांनी एका शिष्येच्या हवाली केली आणि पुढच्याच महिन्यात सोसायटीच्या गेटमधून एक लालभडक, बुटकी, दोनच सीटची स्पोर्ट्स कार घुरघुरत आत आली. आम्ही गॅलऱ्यांतून वाकून बघत होतो. कुणी तरुण पोरगा उतरेल असं वाटलेलं. उतरल्या काकू. पंजाबी ड्रेस, केसांचा अंबाडा, त्यावर अबोलीचा गजरा. मुंबईतल्या कुणा हौशी माणसाकडून सेकंडहँड घेतली होती.

"काकू, ह्या वयात?" आमचे अध्यक्ष म्हणाले.

"मग कुठल्या? आख्खा जन्म डावीकडे बसून दुसऱ्यांच्या चुका सांभाळल्या. आता उजवीकडे बसून माझ्या मी करते."

ती गाडी जमिनीला इतकी लागून होती की गेटसमोरच्या स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासायचं. काकू डिकीत दोन फळ्या ठेवायच्या. गेटशी थांबायचं, उतरायचं, फळ्या मांडायच्या, गाडी चढवायची, परत उतरायचं, फळ्या उचलायच्या. पुढेपुढे वॉचमन लांबून आवाज ऐकूनच फळ्या मांडायला लागला. मागे चार गाड्या खोळंबायच्या, पण हॉर्न कुणी मारायचं नाही. खोळंबलेल्यांना गाडी शिकवलेली कुणी, हे सगळ्यांना माहीत होतं.

पहाटे त्या घोडबंदर रोडला जाऊन यायच्या. छत उघडं टाकून. कशाला जाता, असं विचारलं तर म्हणायच्या, "यायला."

मग डावा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, नवा गुडघा बसला, चालणं छान सुरू झालं. पण त्या गाडीचा क्लच दगडासारखा. एकदा कल्याण-शीळ रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकल्या, क्लच दाबून दाबून पाय असा भरून आला की गाडी बाजूला लावून त्यांनी मला फोन केला. मी गेलो. काकू गाडीत ताठ बसल्या होत्या. उतरताना पहिल्यांदा त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. मी गाडी घरी आणली. त्या डावीकडे बसून होत्या. पूर्ण रस्त्यात एक शब्द बोलल्या नाहीत. माझा गिअर खरकन वाजला तेव्हासुद्धा.

त्यांचा मुलगा पुण्याला असतो. सज्जन आहे, आईवर जीव आहे. त्याचा मला फोन आला. "काका, आता बास झालं. मी ड्रायव्हर ठेवतो तिच्यासाठी. तुम्ही जरा लक्ष ठेवा आणि मला कळवत जा."

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मी सोसायटीचा सेक्रेटरी. फार बोलत नाही, म्हणून लोकांना मी समंजस वाटतो. प्रत्यक्षात मला कुणाला 'नाही' म्हणता येत नाही. माझं एक हुकमी उत्तर आहे, 'बघतो'. मुलालाही मी म्हणालो, "बघतो."

लाल गाडी द्यायला काकू ठाण्याच्या शोरूममध्ये मला घेऊन गेल्या. मुलाला वाटत होतं, आई गाडी विकून मोकळी होणार. शोरूमच्या माणसाने चावी घेतली, गाडी सुरू केली आणि तिथेच पाय दाबून बोलत बसला. काकू खिडकीशी गेल्या. "क्लचवर पाय ठेवून गप्पा मारायच्या नाहीत. काढ पाय." त्याने दचकून काढला. मग त्यांनी आपल्या रुमालाने स्टिअरिंग पुसलं, आरसा त्या माणसाच्या उंचीला लावून दिला आणि मागे झाल्या. गाडी आत जाईपर्यंत बघत राहिल्या. 

"चल," त्या म्हणाल्या, "आता नवी दाखवते."

कोपऱ्यात एक पांढरी इलेक्ट्रिक सेडान उभी होती. चार दरवाजे, मोठी डिकी, पोट जमिनीपासून चांगलं वर, आणि क्लच नावाला नाही. लाल गाडी त्यांनी हिच्या बदल्यात दिली होती.

"काय रे, कशी आहे?"

"घरगुती आहे," मी म्हणालो.

"तेच. लाल होती ती प्रेमात पडायला. ही संसाराला."

पहिल्या दिवशी मला शेजारी बसवलं. गाडीला आवाजच नाही. काकूंनी दोनदा विचारलं, "सुरू झालीय ना?" सुरू झाली होती. पण जन्माची सवय, वळणावर डावा पाय क्लच शोधत गेला आणि ब्रेकवर पडला. माझं कपाळ काचेपाशी जाऊन आलं. काकूंनी शांतपणे डाव्या पायातली चप्पल काढून मागच्या सीटवर टाकली. "वर्गाबाहेर उभा राहा," पायाला म्हणाल्या. दोन आठवडे एका पायात चप्पल घालून गाडी चालवली. पाय सुधारला.

मी मुलाला कळवलं. तो हादरला. "काका, हे थांबवा. तिने पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंटसाठी सोसायटीकडे अर्ज केलाय ना? तो अडकवून ठेवा. रोज बाहेर चार्जिंगला जायचं म्हटलं की कंटाळेल आपोआप. तिच्या भल्यासाठीच आहे."

मी म्हणालो, "बघतो."

आणि खरंच अडकवला. सोसायटीत काही अडवायला फार अक्कल लागत नाही. आज अध्यक्ष गावी, उद्या वीजवाल्यांचा अभिप्राय यायचाय, परवा विषय वेळेअभावी पुढे. अभिप्राय चांगला आला होता. तो मी कुणाला सांगितला नाही. काकूंना रोज जिन्यात नमस्कार मात्र करत होतो.

काकू कंटाळल्या नाहीत. शीळ रस्त्याच्या चार्जिंग स्टेशनवर जाऊन बसायला लागल्या. एकदा दुपारी मी तिकडून येत होतो, तर झाडाखाली खुर्ची टाकून काकू मोड आलेले वाल सोलत बसलेल्या. डाळिंब्यांचं पातेलं मांडीवर. शेजारी दोन टॅक्सीवाले, त्यांच्याही गाड्या चार्जिंगला लावलेल्या, तेही सोलतायत.

"ये सेक्रेटरी. बस. सोल."

मी मूठभर घेतले. बोटांना बुळबुळीत लागत होतं, सालं निघत नव्हती.

"माझा अर्ज कुठे अडकलाय रे?"

"बघतो काकू, ह्या सभेत..."

त्यांनी एक वाल टचकन दाबून डाळिंबी पातेल्यात उडवली. "तू बघतोयस. ते मला कधीचं दिसतंय."

बास, एवढंच. पुढे त्या एका टॅक्सीवाल्याला भरलेल्या वांग्यांची कृती सांगायला लागल्या. मी घरी आलो, हात धुतले, जेवलो नाही. त्या संध्याकाळी बायकोनं वाटी आणून ठेवली, "काकूंकडून परत डाळिंब्यांची उसळ आलीय. सगळ्या सोसायटीला वाटतायत." ती मला गिळवेना. ज्यांच्या घोटाळ्यांबद्दल आपण चवीनं बोलतो ना, तसला माणूस मी नव्हतो. मी साधा, भिडस्त, सगळ्यांचं ऐकणारा माणूस होतो. आणि त्या भिडेपोटी मी एका बाईला तिच्या आयुष्यात परत डावीकडे बसवायला निघालो होतो.

वार्षिक सभा पार्किंगमध्येच भरते, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. त्या वर्षी काकूंचा मुलगा मुद्दाम पुण्याहून आला आणि शेवटच्या रांगेत बसला. काकूंचा विषय निघाला.

"आग लागली तर?" एकजण म्हणाला.

"आज ह्यांना दिला की उद्या सगळे मागतील," दुसरा.

"आणि खरं सांगू का काकू, रागावू नका," अध्यक्ष म्हणाले, "आता तुम्ही आरामात मागे बसून फिरावं. काय सेक्रेटरी? हा विषय पुढच्या सभेत घेऊ या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. 'बघतो' जिभेवर आलेलं होतं. मी उभा राहिलो.

"पुढच्या सभेत काही नाही," मी म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला. "कागद पूर्ण आहेत. वीजवाल्यांनी लोड तपासलाय, आगीचंही तपासलंय, हरकत नाही असं कळवलंय. ते मी तुम्हाला सांगितलं नाही. हा विषय इतके महिने मी अडवलाय. त्यांच्या मुलाने सांगितलं म्हणून, आणि मला नाही म्हणता आलं नाही म्हणून. काळजीपोटी करतोय असं मी स्वतःला सांगत होतो. काळजी नव्हती. मी भित्रा आहे."

शेवटच्या रांगेत मुलाने मान खाली घातली. मी बसलो.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या खुर्चीला रेटा देऊन उठल्या. "झालं सेक्रेटरीचं? आता माझं ऐका. इथे ज्यांना ज्यांना मी गाडी शिकवलीय, त्यांनी हात वर करा बघू."

एक हात वर गेला, मग दुसरा, मग रांगाच्या रांगा. बायका तर खुर्चीतून उठून हात करत होत्या. अध्यक्षांनी इकडेतिकडे बघत अर्धा हात वर केला.

"पूर्ण करा. तीन वेळा टेस्ट नापास झालेलात, मी विसरले नाही."

हशा झाला. अध्यक्षांचा हात पूर्ण वर गेला.

"आता," काकू म्हणाल्या, "ज्यांना वाटतं की मला गाडी चालवता येत नाही, त्यांनी हात खाली करा."

एकही हात हलला नाही. पार्किंगच्या छताखाली नुसते हात. आणि मी वळून मागे पाहिलं, तर शेवटच्या रांगेत मुलाचाही हात वर होता. त्यालाही आईनेच शिकवलेलं. तो रडत होता आणि हसतही होता, पण हात त्याने खाली केला नाही.

मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. वॉचमनसुद्धा काठी आपटत होता.

नंतर जिन्यात काकूंनी मला गाठलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "हे आधी बोलला असतास तर आख्ख्या सोसायटीला इतकी उसळ खावी लागली नसती. दोन महिने माझ्याशी बोलू नकोस. मला राग आलाय." आणि खरंच बोलल्या नाहीत. दोन महिन्यांनी आपणहून दार वाजवलं. "चल, चक्कर मारून येऊ."

ठाण्याला माजिवड्याच्या सिग्नलला आम्ही थांबलो आणि शेजारी ती लाल गाडी येऊन उभी राहिली. काकूंचीच. छत उघडं, आत एक जोडपं. मी धास्तावून काकूंकडे पाहिलं. त्यांनी काच खाली केली.

"अहो, दुसऱ्या गिअरला जरा अडते ती. ओढू नका, चुचकारा."

तो गृहस्थ आश्चर्याने बघत राहिला. "तुम्हाला कसं माहीत?"

"माहेरची आहे माझ्या," काकू म्हणाल्या. तेवढ्यात सिग्नल सुटला. लाल गाडी दुसऱ्या गिअरला अडली. आमची पांढरी आवाज न करता सुळकन पुढे गेली, पुलावर चढली. काकू खाडीच्या वाऱ्यासाठी काच उघडीच ठेवून गुणगुणत होत्या.

परवा काकू कोकणात गेल्या. गुहागरला. बरोबर तीन मैत्रिणी, चौघींची मिळून वयं मोजायची नाहीत अशी सक्त ताकीद. डिकीत चिवड्याचे डबे, उशा, एक पोळपाट. लाल गाडीत हे काही मावलं नसतं. सकाळी मी खाली गेलो तेव्हा पार्किंगमधली त्यांची जागा रिकामी होती, चार्जरची वायर नीट गुंडाळून हुकाला लावलेली.

दुपारी पुण्याहून फोन आला. "काका, आई फोन उचलत नाहीये. कुठवर पोचली असेल? काही कळलं का तुम्हाला?"

"गाडी चालवतायत त्या," मी म्हणालो. "पोचल्या की करतील तुला."

पलीकडे तो हसला. "हो. करेल."

आणि आम्ही दोघांनी फोन ठेवला.