वळणावरचा हात

देवचंदच्या पायाला एक खोड होती, आणि त्या खोडीवरच त्याचं पोट चालत होतं. रस्त्याच्या कडेला कुणी हात वर केला की त्याचा पाय ब्रेकवर जायचा. डोकं मागाहून विचार करायचं.

धुळे-साक्री-दहिवेल रस्त्यावर तो भटूअण्णांची मिनीबस चालवायचा. असल्या गाड्यांना थांबे नसतात. फाटा असो, शेताचा बांध असो, नाहीतर नुसतं एक बाभळीचं झाड. हात दिसला की गाडी थांबते, माणूस आत आला की सुटते. हात सोडून पुढे जाणारा ड्रायव्हर भटूअण्णांकडे महिनाभरही टिकत नसे. देवचंदची सगळी जवानी तिथं गेली, कारण त्याला हात लांबूनच दिसायचा. लोक थट्टेनं म्हणायचे, देवचंदभाऊच्या रस्त्यावर जांभई देताना आळस देऊ नका, गाडी थांबेल.

मग रूपाचं झालं. दहिवेलकडून साक्रीला येताना एक आंधळं वळण आहे, तिथं डोंगरातल्या पाड्यावरून पायवाट उतरते. रूपा त्या पाड्यावरची. बाजाराच्या दिवशी डोक्यावर सीताफळांची पाटी घेऊन ती तिथून गाडी धरायची. त्या दिवशी तिनं रस्त्याच्या पलीकडून हात केला, देवचंदनं गाडी हळू केली, आणि गाडी पूर्ण थांबायच्या आतच ती आडवी धावली. बंपरचा धक्का बसला. सीताफळं रस्ताभर फुटली आणि रूपाचा पाय मोडला.

पोलिसांनी जबाब घेतले, देवचंदला कुणी दोष दिला नाही. दवाखान्यात तो तिला भेटायला गेला तेव्हा तीच त्याला समजावत होती, "तुनी काय चूक नही, भाऊ. मीच पयनू ना आडवी." देवचंद बाहेर आला आणि पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला.

तेव्हापासून तो भ्यायला लागला. अर्धवट नाही, पुरता भ्याला. स्टीअरिंग धरलं की तळहात ओले व्हायचे. खोड तर गेली नव्हतीच, उलट माजली होती. आता हात दिसला की पाय नुसता ब्रेकवर जायचा नाही, तर ब्रेक तुडवायचा. गाडी जागच्या जागी आदळायची, मागच्या बायका पुढच्या सीटवर कपाळ आपटून घ्यायच्या. एकदा शेवाळी फाट्यावर एक माणूस आपल्या म्हशीला हाकायला हात वर करून उभा होता. देवचंदनं त्याच्यासाठीही ब्रेक मारला आणि एका मास्तरांचा चष्मा फुटला.

भटूअण्णा तसे मनाचे वाईट नव्हते, पण गाडी त्यांची होती. ते म्हणाले, "देवचंद, घर बस थोडा दिन. मंग मी सोता तुना शेजारी बसीसन देखसू. पाय असाच नाचना तं चावी दुसराले देसू. राग येवू देऊ नको."

राग कसला येणार? देवचंदला दुसरं काही येतच नव्हतं. गाडी गेली तर आपण कोण उरणार, आणि गाडी मिळाली तर पुन्हा त्या वळणावरून जावं लागणार. इकडे आड, तिकडे विहीर.

वाट काढली ती त्याच्या पोरीनं. संघमित्रा धुळ्यात इंजिनिअरिंग शिकत होती आणि संध्याकाळी देवपुरातल्या योगराजच्या गेमिंगच्या दुकानात काम करत होती. तिथं एक खुर्ची होती. तिला स्टीअरिंग, तीन पेडल आणि समोर तीन मोठे पडदे. तिनं बापाला जवळजवळ ओढतच नेलं.

"पप्पा, इथं गाडी चालवा. इथं कुणाला लागत नाही."

तिनं लावून दिलेला ट्रॅक जर्मनीतला होता. जंगलातून जाणारा, वीसेक किलोमीटर लांब, आणि वळणं तर संपता संपत नाहीत अशी. चढ संपला की पलीकडचा रस्ता दिसायचा नाही, नुसतं आभाळ दिसायचं. भले भले पोट्टे तिथं गाडी आपटून उठून जायचे. संघमित्रानं मुद्दाम तोच निवडला होता, कारण त्याच्या कडेला जागोजागी माणसं उभी होती. कुंपणाला टेकून बघणारी, आणि सगळी हात हलवणारी.

पहिल्याच वळणावर पिवळ्या जाकिटातल्या एकानं हात वर केला. देवचंदनं ब्रेक तुडवला. गाडी गर्रकन फिरली, कठड्यावर धडकली, आणि स्टीअरिंगनं त्याच्या मनगटाला असा हिसका दिला की तो ओरडून उभाच राहिला. कानावरचे हेडफोन गळ्यात लोंबकळत होते.

योगराज काउंटरवरून हसला. "भाऊ, त्याला बसवून घेणार होतात का?"

देवचंद हसला नाही. त्यानं पोरीला हळूच विचारलं, "त्याले लागनं का?"

संघमित्राच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "पप्पा, तिथं कुणीच नाहीये. चित्र आहे ते."

दुसऱ्या दिवशी तो आला, ही त्याची खरी हिंमत. दुकानाच्या पायऱ्यांवरून तो एकदा मागे फिरायचा, तरी रोज येऊन तो खुर्चीत बसायचा. पोरगी शिकवायची, "नजर वळणाच्या पुढे टाका. ब्रेक आधी आणि हळू दाबा, वळणात नाही. आणि हाताकडे बघायचंच नाही."

पहिल्या दोन गोष्टी हळूहळू जमल्या. ट्रॅक मात्र डोक्यात बसेना. वळणांची जर्मन नावं त्याच्या जिभेवर चढेनात, आणि नाव नसलेलं वळण लक्षात कसं ठेवायचं? शेवटी त्यानं आपल्या रस्त्यावरच्या गावांची नावं दिली. सुरुवातीचा उतार म्हणजे मोराणे. खोलगट गोल वळण, ज्यात गाडी खाली उतरून पुन्हा वर यायची, ती कुसुंब्याची विहीर. झाडांमधला लांब चढ म्हणजे नेरचा शेवटचा टप्पा. इथं मास्तर उतरतात. दोन जोडवळणं म्हणजे शेवाळी फाटा. इथं दूधवाला कॅन चढवतो. असं करत करत त्यानं सगळं जर्मनीचं जंगल धुळ्याच्या माणसांनी भरून टाकलं, आणि मग त्याला ते पाठ झालं.

एका आंधळ्या वळणाला मात्र त्यानं नाव दिलं नाही. तिथं चढाच्या टोकावर एक बाई हात वर करून उभी असायची. तिथं पोचला की पाय उडायचा आणि गाडी गवतात जायची. पुन्हा पहिल्यापासून. संघमित्रा मागे उभी राहून म्हणायची, "चित्र आहे, पप्पा. चित्र आहे." तोही मनात घोकायचा, चित्र शे, चित्र शे.

आणि एके दिवशी पाय हलला नाही. बाई आली, गेली. देवचंदला ती दिसलीसुद्धा नाही. त्याला नुसता रस्ता दिसला. अख्खी फेरी पुरी झाली तेव्हा योगराजनं टाळ्या वाजवल्या. त्यानंतर रोज तसंच. कडेची माणसं गवतासारखी मागे जायची. बऱ्याच दिवसांनी देवचंद घरी पोटभर जेवला, दोन भाकरी आणि वर भरीत मागून घेतलं. बायको शिल्पा त्याच्याकडे बघतच राहिली.

परीक्षेच्या दिवशी भटूअण्णा शेजारी येऊन बसले. जाताना कोणाला घ्यायचं नाही, रिकामी गाडी दहिवेलपर्यंत न्यायची, येताना सवारी भरायची, असं ठरलं. कुसुंब्याला हात झाले, नेरला झाले, शेवाळीला तर पाचसहा जणांनी मिळून केले. देवचंदचा पाय जागचा हलला नाही. दहिवेलच्या अलीकडचं ते आंधळं वळण जाताना रिकामंच होतं. वळणं तर त्यानं अशी घेतली की अण्णांच्या हातातला चहा सांडला नाही.

"वा रे भो!" अण्णा म्हणाले. "कोनले गुरू करा तू?"

"पोरगी," देवचंद म्हणाला आणि खूप दिवसांनी हसला.

दहिवेलला गाडी भरली. साक्रीचा बाजार होता, कोंबड्या, भाजीच्या पाट्या, सगळं आत आलं. गाडी निघाली. ते वळण आलं तेव्हा देवचंदची नजर वळणाच्या पुढे होती. ब्रेक आधी, हळू, आणि गाडी पाण्यासारखी वळली. त्याला वाटलं, जिंकलो.

"ओ भाऊ!" मागून एक म्हातारा ओरडला. "बाई व्हती ना तठे! हात करी ऱ्हायनी व्हती!"

देवचंदनं आरशात पाहिलं. बाभळीच्या झाडाला टेकून, रस्त्यापासून चांगली लांब, एक बाई काठी धरून उभी होती. तिचा हात अजून वरच होता.

ती रूपा होती. आणि ती त्याला दिसलीच नव्हती. आजवर तो हात दिसतो म्हणून भ्याला होता. ही भीती निराळी होती, हिला तळच नव्हता. झाडाजवळ उभी होती म्हणून बरं. रस्त्यावर असती तर? तरीही दिसली नसती?

त्यानं पुढे सरळ रस्ता बघून गाडी कडेला घेतली.

"जाऊ दे ना," अण्णा म्हणाले. "मांगली गाडी येई ना तिले. इतली मस्त चाली ऱ्हायनी गाडी, मोडता कसाले घालस? खाले उतरना तं चावी माले दी जाय."

देवचंदनं चावी काढली, अण्णांच्या हातात ठेवली आणि उतरला. चालत तो वळणापाशी गेला. त्याला येताना पाहून रूपा एक पाऊल मागे सरकली, मग ओळखून थांबली.

"कितला दिनमा गाडीमा बसनू नही मी," ती म्हणाली. "बाकीन्या गाड्यास्ले हात कराले भ्याव वाटस माले. आज तुनी गाडी वळखी, म्हनीसन हात करा. तू थांबशी, हाई माले माहीत व्हतं."

"मी देखंच नही वं, बाई," देवचंद म्हणाला. झाडाखाली ठेवलेली तिची पाटी त्यानं आपल्या डोक्यावर घेतली. काठीच्या चालीनं दोघं गाडीपर्यंत आले.

भटूअण्णा दारात उभे होते. त्यांनी रूपाच्या पायाकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, देवचंदच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग आपली सीट झटकून तिला बसायला दिली आणि चावी पुढे केली.

"घे. मना गुडघा क्लच दाबत नही आते, नही तं तुले दिधी नसती."

गाडी निघाली. साक्रीच्या अलीकडे एका बांधावर कुणीतरी हात वर केला. तो देवचंदला लांबूनच दिसला. त्याच्या तळहातांना घाम फुटला, पाय थरथरला. आणि त्या थरथरीनं त्याला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. त्यानं ब्रेक आधीच, हळू हळू दाबत नेला. गाडी त्या माणसापाशी जाऊन थांबली, आणि मागे एकाही बाईचं कपाळ आपटलं नाही.