कुंकवाचं बोट

आर्वीच्या एसटी डेपोजवळ कॉम्प्युटर दुरुस्त करणारी एक बाई बसते. नाव मी विचारलं नाई. लोकांच्या डब्यावर चहाचा कप ठेवाची तिले वाईट खोड. माझा बंद पडलेला डबा पाहून म्हणाली, "आतलं सारं पुसून नवं टाका लागते, काकाजी."

"मंग टाक सीडी."

"आता सीडी येत नाई. नेटवरून उतरवा लागते."

बोलता बोलता तिनं ओल्या फडक्यानं डब्याची धूळ पुसाले घेतली. फडकं कुंकवाच्या बोटापाशी आलं तसा मी ओरडलो, "ते पुसू नको! बायकोनं लावलं, दसऱ्याच्या पूजेले. आता ती नाई."

तिनं फडकं खाली ठेवलं. "हे काई नेटवर भेटत नाई, काकाजी."

दोन तास नवं उतरत होतं. तिचा चहा दोनदा आला. दोन्ही वेळा तिनं कप हातातच धरला.