माती न झालेली पिशवी

घरात मी इंग्रजी बोलले की सगळे हसायचे आणि शाळेत मराठी बोलले की बाई रागवायच्या. त्यामुळे गप्प राहणं मला लवकर जमलं. नव्वदच्या दशकात कल्याणच्या कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकायला लागले, तरी माझं बोलणं जेमतेमच होतं. बघायचे मात्र सगळं.

बाबांचा भिवंडीत साइझिंगचा कारखाना होता. लूमवर चढण्याआधी सुताला स्टार्चची खळ लावायची, म्हणजे धागा तुटत नाही. पावसाळ्यात खळ लावलेलं सूत पडून राहिलं की त्याला बुरशी धरते, कुजका वास सुटतो. हे भिवंडीत कुणाला सांगावं लागत नाही. त्यावरूनच बाबांच्या डोक्यात आलं की प्लास्टिकमध्ये स्टार्च घातला तर प्लास्टिकही कुजेल. जवळच दापोडे गावात एक शेड घेऊन त्यांनी पिशव्यांचं मशीन बसवलं आणि प्लास्टिकच्या दाण्यात मक्याचा स्टार्च मिसळला. छापायला ठप्पाही करून घेतला: ‘ही पिशवी माती होते.’

आमच्या कोन गावात घरामागे आमचा शेणखताचा खड्डा होता. बाबांनी त्यात एक पिशवी पुरली आणि काही महिन्यांनी उकरून पाहिलं तर पिशवी दिसेना. गावभर सांगून झालं.

मला ते पटलं नाही. मी तीन पिशव्या घेतल्या. एक खताच्या मधोमध पुरली, एक खड्ड्याच्या कडेला. तिसरी ओल्या कचऱ्यात घालून पिंपात गच्च दाबली आणि झाकण लावलं, कारण डम्पिंग ग्राउंडवर कचरा तसाच दाबला जातो, आत हवा जात नाही. तितक्याच महिन्यांनी काढल्या तेव्हा पिंपातल्या पिशवीवरची अक्षरं वाचता येत होती. कडेची धुऊन भाजी आणता आली असती. मधली, जिथे खत इतकं तापतं की हात घातला तर चटका बसतो, ती खरंच दिसेना. पण मी आईची चाळण घेतली आणि ते खत पाण्याखाली धरलं. नखाएवढे, तांदळाएवढे पांढरे तुकडे वर राहिले. जंतूंनी स्टार्च खाल्ला होता. प्लास्टिक विसविशीत होऊन नुसतं फाटलं होतं.

“आगं, कॉलेजात हेच शिकवतात काय, शेण चिवडायला?” आई म्हणाली.

“हे तुकडे बघ.”

“बघितले. बाबांना न्हाय दाखवायचे.”

मी दाखवले.

“तुकडे म्हंजे मातीच की,” बाबा म्हणाले. “आजून थोडे दिवस ठेव.”

“खाण्यासारखं होतं ते जंतूंनी खाऊन संपवलं, बाबा. आता ठेवून काही होणार नाही.”

“लय शिकलीस.”

मुंबईचा एक व्यापारी त्या पिशव्या मोठ्या हॉटेलांना विकणार होता. पिशवी माती होते हे त्याला तपासणाऱ्याच्याच तोंडून ऐकायचं होतं, तेही इंग्रजीत, म्हणजे पुढे हॉटेलवाल्यांना तसंच सांगता येईल. “याच दिवसासाठी तुला इंग्लिश मीडियमला घातली,” बाबा म्हणाले. “दोन वाक्यं बोलायची. बस.”

तो शेडमध्ये आला. मी तुकड्यांसकट चाळण सोबत नेली होती. जे पाहिलं ते मी इंग्रजीत सांगितलं. तो मान डोलावत राहिला. त्याला कळलं नसावं असं वाटून मी हिंदीत म्हणाले, “मिट्टी नहीं बनती. टुकड़े बनते हैं. और कचरे में दब गई, तो टुकड़े भी नहीं.”

तो चाळणीकडे बघून हसला. “सेठ, आपकी बेटी तो आपका ही माल वापस कर रही है!” चहा अर्धा ठेवून तो गेला.

बाबा माझ्याकडे वळले.

“जन्मभर गप बसलीस. आजच तोंड उघडायचं होतं?”

“तुम्हीच बोल म्हणालात.”

“उद्या त्याला फोन कर. तपासायला चुकले म्हण.”

“चुकले नाही.”

“मशीन बंद पडंल माझं!”

“पिशव्या विका, बाबा. फक्त ती माती होते असं छापू नका.”

असं त्यांच्या डोळ्यांत बघून मी आधी कधी बोलले नव्हते.

“ते तुकडे बाहेर टाक आधी,” ते ओरडले.

“बाहेर म्हणजे कुठे?”

त्यांनी दाराकडे बोट केलं. दाराबाहेर गटार होतं, पलीकडे शेत, त्यापलीकडे खाडी. बोट तसंच हवेत राहिलं आणि मग हळूहळू खाली आलं. मी चाळण उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी फोन मी केला नाही. संध्याकाळी त्यांनी पुन्हा सांगितलं, तेव्हाही नाही.