विनया आत्याच्या केबिनमध्ये

शनिवारची सकाळची शाळा आटोपून हर्षाली घरी येते, जेवते आणि पंख्याखाली चटईवर आडवी होते. डोळा लागला म्हणावा तर स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज ऐकू येतोय, नाही म्हणावा तर तो आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतोय. मनात एकच प्रश्न गरगरतोय, ‘पुढे काय करायचं ठरवलंयस?’

दहावीच्या मुलांना नोकरीच्या मुलाखतीची सवय व्हावी म्हणून भोईर सरांनी वर्गातच सराव सुरू केलाय. टेबलाच्या पलीकडे सर, अलीकडे एकेक मूल. आज हर्षालीची पाळी आली आणि या प्रश्नावर तिची वाचाच बसली. काका डी.एड. म्हणतात, आई फार्मसी म्हणते, मैत्रिणी कॉमर्सला निघाल्यात. तिचं स्वतःचं म्हणावं असं काही ओठांवर येईना. सर रागावले नाहीत. “सोमवारी पुन्हा बस,” एवढंच म्हणाले. पण सगळा वर्ग बघत होता.

भांड्यांचा आवाज थांबतो. चटईशेजारी कुणीतरी उभं आहे. निळा बॉयलर सूट, काखेत पांढरं हेल्मेट, पायात जड बूट.

विनया आत्या. बाबांची धाकटी बहीण, बंदरावर क्रेन चालवणारी गावातली पहिली बाई. दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. ती गेलीय हे हर्षालीला पक्कं ठाऊक आहे, तरी दचकायला होत नाही.

“आत्या, बरी आहेस?”

“बूट चावतात अजून,” आत्या म्हणते. “ऊठ. शिफ्ट सुरू होईल.”

मोरीचं दार ढकलून दोघी शाळेच्या जिन्यात येतात. पहिला मजला जातो, दुसरा जातो. शाळेला तिसरा मजलाच नाही, पण जिना चाललाय. भिंती संपतात, पायऱ्या लोखंडी होतात, पायांखालच्या जाळीतून वारा वर येतो. हर्षाली कठडा घट्ट धरते.

“खाली बघू?”

“बघायलाच तर वर निघालोय.”

क्रेनची केबिन लहानशी, आईच्या देवघराएवढी. मधोमध खुर्ची, तिच्या उजव्या हाताशी दातेरी कडेच्या गोल मुठीचा दांडा, आणि खुर्चीपुढची जमीन सगळी काचेची. हर्षाली बसते आणि दोन पावलांच्या मधून खाली बघते.

खाली समुद्र आहे. एवढा समुद्र तिनं कधी पाहिलेला नाही. जन्म त्याच्या काठावर गेला, पण तो नेहमी समोर असायचा, आडवा. आज तो सगळाच्या सगळा दिसतोय. खाडीचं गढूळ पाणी त्यात शिरतंय, त्याच्या कडेनं हिरवा पट्टा, पलीकडे निळा. मधे जहाज, अख्खं गाव झोपवता येईल एवढं. हर्षाली आणखी पुढे वाकते.

“मी पहिल्यांदा आले तेव्हा रडले होते,” आत्या म्हणते. “घाबरून नव्हे.”

“तुला कसं कळलं गं, हेच करायचं म्हणून?”

“कळलं कुठे? धक्क्यावर मासळी निवडताना समोर क्रेन दिसायची. केवढं ते धूड उचलते आणि अंड्यासारखं अलगद ठेवते. मी रोज बघत राहायचे. आईच्या शिव्या खायचे, पण बघायचे. मग आयटीआय केलं. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, उंचीची भीती नाही वाटत? म्हटलं, वाटते. म्हणून तर हात सावकाश चालेल.”

“हसले?”

“नाही. पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं.” आत्या वाकते. “तू रोज काय बघत बसतेस?”

हे हर्षालीला कुणीच विचारलेलं नाही.

“पाणी,” ती हळूच म्हणते. “भरती कुठवर येईल ते मी आधीच दगड ठेवून बघते. बरोबर तिथवर येते. कधी चुकलं तर का चुकलं ते शोधते. पण असं काही काम थोडंच असतं?”

आत्या हसते. “अगं, हे जहाज आत आलं कसं? भरती किती, तळ किती खोल, हे मोजणारी माणसं असतात बंदरात. त्यांनी सांगितल्याशिवाय एक जहाज हलत नाही. मी नुसती वर बसून काय उचलणार होते?”

काचेखाली आता दोरखंडांना कंटेनर लटकतोय. त्याला छप्पर नाही. आत हर्षालीचा वर्ग आहे. बाक, फळा, केस विंचरणारी तन्वी, टेबलाशी भोईर सर. सगळा वर्ग समुद्रावर झोके घेतोय.

“आत्या, पडतील!”

“धर दांडा.” आत्याचा खरबरीत हात हर्षालीच्या हातावर येतो आणि घट्ट दाबतो. “झोका आला की मागे ओढू नकोस. तो जातो तिकडेच जा. त्याच्या डोक्यावर पोच.”

वर्ग डावीकडे जातो. हर्षाली केबिनसकट डावीकडे जाते. उजवीकडे येतो, ती उजवीकडे येते. हळूहळू झोका विरतो. वर्ग जहाजावर टेकतो, इतका हलका की टेबलावरचा खडूसुद्धा घरंगळत नाही. इवलेसे भोईर सर मान वर करतात.

“हर्षाली, पुढे काय करायचं ठरवलंयस?”

“समुद्र मोजणार आहे, सर!”

आवाज तिचाच आहे. पाण्यावरून तो दूरवर जातो. ती वळून आत्याकडे बघते.

“हर्षू, चहा झाला. काय बडबडतेस?”

पंखा फिरतोय. आई उंबऱ्यात उभी आहे. हर्षाली उठून बसते. उजवा हात उघडत नाही, बोटं आखडलीत. आई जवळ बसते आणि एकेक बोट सोडवते.

तळव्याच्या मधोमध गोल ठसा आहे, खोल आणि लालभडक, कडेनं बारीक दाते. आई चटई झटकते, उशी उचलते. खाली काहीच नाही. ती ठशावर अंगठा ठेवते, आणि तिचा चेहरा बदलतो.

“असा विनयाच्या हाताला असायचा,” ती अगदी हळू म्हणते. “रोज, कामावरून आली की.”

मग ती उठते, खोबरेल तेलाची बाटली आणते, आणि पूर्वी नणंदेचा हात चोळायची तसा लेकीचा हात मांडीवर घेऊन चोळत बसते.