पेटीतल्या पांढऱ्या फरश्या

अकोल्याला माझं सासर होतं, पण ते मला फार दिवस लाभलं नाही. लग्नानंतरच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात यजमान विषमज्वरानं गेले आणि बाबा मला घ्यायला आले. बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला पोचेपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. स्टेशनावर उतरताना माझ्या हातातली पिशवी तेवढी त्यांनी आपल्या हातात घेतली. मी तेव्हा अठरा वर्षांची होते. आई मी लहान असतानाच गेलेली, त्यामुळे घरात आता आम्ही दोघंच.

बाबा वकील होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, मोठी अपिलं घेऊन त्यांना नागपूरला जावं लागे. घरी असले की बैठकीत पक्षकारांची वर्दळ असायची. मी मागच्या खोलीत बसून राहायची. स्वयंपाक करायची, वाढायची, पुन्हा येऊन बसायची. बाबांनी मला धीराच्या गोष्टी सांगितल्या नाहीत की पोथी वाचायला दिली नाही. नागपूरच्या कुठल्याशा बॅरिस्टराच्या घरी त्यांनी माशांची काचेची पेटी पाहिली होती. तशीच त्यांनी लोहाराकडून करून घेतली: लोखंडी चौकट, चारी बाजूंना काचा, फटींत डांबर. तळाला नदीतली वाळू आणि बारीक गोटे, त्यांत रोवलेली एक पाणवेल. वडाळीच्या तलावावर मासे धरणाऱ्या भोयाकडून त्यांनी घागरीतून बोटभर लांबीचे मासे आणवले. काळपट हिरवी पाठ, शेपटीजवळ एक काळा ठिपका.

शेजारच्या काकूंना हे समजलं तेव्हा त्या फाटकातूनच म्हणाल्या, "वकीलसाहेब, आपल्या घरात मासे कावून आणले?"

"खाले नाही आणले, काकू," बाबा म्हणाले. "पाहाले आणले."

पेटी त्यांनी बैठकीत न ठेवता मागच्या खोलीत, माझ्या खिडकीशी ठेवली. मला काही सांगितलं नाही. पण माशांना कणकेच्या गोळ्या कोण टाकणार, पाणी कोण बदलणार, हे आपोआपच ठरलं. दुपारी कोर्टातून आले की बाबा कोट काढून त्या पेटीसमोर खुर्ची ओढून बसत. मीही बसे. "तो बारका पाह्य, कसा भांडून राहिला," असं काहीतरी ते म्हणत. हळूहळू मी उत्तर द्यायला लागले. मी पुन्हा बोलायला शिकले ती त्या पेटीपाशी.

अशी काही वर्षं गेली. मग बाबा कागद डोळ्यांच्या फार जवळ धरू लागले. उंबऱ्याला ठेचाळू लागले. चष्मा बदलून झाला, तरी फरक पडेना. त्यांचे एक डॉक्टर मित्र होते, त्यांनी तपासून काचबिंदू सांगितला. डोळ्यांत घालायला थेंब दिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "आहे ती नजर टिकली तर टिकली. गेली ती येणार नाही."

बाबांनी वकिली बंद केली. सकाळपासून ते मागच्या खोलीत येऊन बसायला लागले. पण मासे त्यांना दिसेनात. तळाचे गोटे काळे, माशांच्या पाठी काळपट, त्यातून शेवाळ. "कुठी गेले सारे?" असं विचारत आणि मी बोट दाखवलं की तिकडे वळून मान हलवत. शिवाय त्या गोट्यांचा मलाही कंटाळा आला होता. कणकेचे कण त्यांच्या सांदीत जाऊन कुजत, पाण्याला वास येई. दर वेळी गोटे उपसून धुवावे लागत.

त्याच सुमारास डॉक्टरांच्या दवाखान्यात चिनी मातीच्या गुळगुळीत पांढऱ्या फरश्या बसवत होते. त्या पाहताना माझ्या मनात आलं की पेटीचा तळ असा पांढरा असता तर मासे त्याच्यावर उठून दिसले असते. मी डॉक्टरांना विचारलं. उरलेल्या फरश्या त्यांनी घरी पाठवून दिल्या. मी मासे बादलीत काढले, वाळू आणि गोटे उपसले. सिमेंट लावलं तर पाणी बिघडेल म्हणून फरश्या नुसत्याच एकमेकींना खेटून मांडल्या. शेवटची बसेना, तर तिची कड मी अंगणातल्या धुण्याच्या दगडावर घासत बसले. बोटं सोलली. पाणवेल रुजायला आता वाळू उरली नव्हती, ती थोड्या गोट्यांसकट एका बोळक्यात लावून कोपऱ्यात ठेवली.

मासे आत सोडल्यावर ते त्या चकचकीत तळाला भ्याले आणि बोळक्यामागे दाटीनं जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र एकेक जण फिरू लागला. बाबा खुर्ची ओढून बसले. बराच वेळ बसले. मग म्हणाले, "दिसून राहिले वं. हा पाह्य, हा चालला." त्यांनी बोट दाखवलं तिथे खरंच मासा होता. मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथे उभी राहून रडले. यजमान गेल्यावर मला रडू आलं नव्हतं.

ते सुख थोडेच दिवस टिकलं. बाबा पुन्हा काचेशी वाकून शोधायला लागले. एकदा त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "मासे फिके झाले का, बाई? का माह्येच डोळे चालले?"

मी नीट पाहिलं. मासे खरंच फिके झाले होते. काळपट हिरवी पाठ जाऊन राखेसारखा रंग आला होता, ठिपकासुद्धा पुसट झाला होता. भोयाला बोलावून विचारलं. तो म्हणाला, काळ्या डोहातला मासा काळा राहतो, रेतीवरचा रेतीसारखा होतो, त्यांना काही रोग झालेला नाही. मी बाबांना तसं सांगितलं. त्यांना इतकं हायसं वाटलं की ते हसले. "म्हंजे डोळे ठीक आहेत," म्हणाले. मी हो म्हटलं. मासे फिकटले होते हे खरं होतं, आणि त्यांच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांचा उपयोग होत नव्हता हेही खरं होतं.

"मी पुन्हा गोटे घालते," मी म्हणाले.

"राहू दे. तू एवढी मेहनत केली. त्यांची सावली पडते फरशीवर, ती मले दिसते."

त्यानंतर ते रोज सांगत, आज मासे खुशीत आहेत, आज सुस्त आहेत. पाणवेल वाढली म्हणत. मी ऐके आणि मला बरं वाटे. फरश्यांमुळे सफाईही सोपी झाली होती. दवाखान्यातली रबरी नळी लावून तळचा गाळ ओढून घेतला की काम संपे.

त्या हिवाळ्यात एका सकाळी मी पेटी पूर्ण धुवायला काढली होती. मासे अंगणात बादलीत होते. पाणी काढून टाकलं होतं, बोळकंही बाहेर होतं. पेटीत नुसत्या ओल्या फरश्या. मी विहिरीवरून पाणी आणायला गेले. परत आले तर बाबा चाचपडत येऊन खुर्चीवर बसले होते. माझी चाहूल लागली तसे काचेकडे तोंड करून म्हणाले, "आज लय फिरून राहिले."

मी घागर घेऊन दारातच उभी राहिले. शेवटी पुढे होऊन पेटीत पाणी ओतलं. रिकाम्या पेटीत पाणी पडल्याचा आवाज खोलीभर झाला. बाबा ऐकत होते. घागर रिकामी झाली तेव्हा त्यांनी विचारलं, "पेटी खाली होती?"

"हो."

त्यांनी काचेवर हात ठेवला. "दिवाळीपासून काहीच दिसत नाही," मग म्हणाले. "तू हात सोलून घेतले होते. तुले कसं सांगू?"

मी त्यांच्या पायाशी बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो आधी खांद्यावर पडला आणि मग चाचपडत वर गेला. मासे अजून अंगणात बादलीतच होते. बऱ्याच वेळानं बाबांनीच आठवण करून दिली, "जा, थंडी आहे. त्यायले आत घे."

त्या दिवसापासून त्यांनी माझ्यामागे दुसराच ध्यास लावला. मी शिक्षिकेची परीक्षा द्यावी. डोळे गेलेला माणूस किती दिवस तुला सांभाळेल, असं ते म्हणत. मी परीक्षा दिली, पास झाले. नोकरी मिळाली ती नेमकी अकोल्याच्या मुलींच्या शाळेत. मी नको म्हणत होते. त्या गावात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही असं मी मनाशी ठरवलं होतं. बाबा म्हणाले, "मी येतो संग. तुले रस्ता दिसते, मले दिसत नाही. दोघांचं भागते."

मासे पेटीसकट डॉक्टरांना दिले. अमरावतीचं घर भाड्यानं दिलं. अकोल्यात आम्ही शाळेजवळ दोन खोल्या घेतल्या. पहिल्या दिवशी शाळेतून परतताना मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं आले, सासरची गल्ली टाळून. घरी आल्यावर बाबांनी एवढंच विचारलं, "मुली चांगल्या आहेत?" मी चांगल्या आहेत म्हटलं, आणि त्या होत्याही.

दुसऱ्या थंडीत बाबांना छातीचा विकार झाला आणि ते गेले. आळीतली माणसं जमली. चांगली माणसं होती, त्यांनी सगळं केलं. पण त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं की अमरावतीच्या कोर्टात हा माणूस बोलायला उभा राहिला की बाहेरचे लोक आत येऊन उभे राहत. त्यांच्या लेखी ते शाळेतल्या बाईंचे आंधळे वडील होते. मी कुणाला काही सांगितलं नाही. दारात बसले होते, आणि लोक ओसरीवर हलक्या आवाजात विचारत होते की म्हाताऱ्याचं नाव काय होतं.