आत्याने मारलेला बॉल

सोसायटीत आज गवत कापलं आणि त्या ओल्या वासाने मला पूर्व उपनगरातल्या जुन्या गोल्फ मैदानावर नेलं. आत्या तिथल्या ऑफिसात होती. वर्षातून एकदाच कर्मचाऱ्यांना घरच्यांसह मैदानावर खेळू देत. 'एवढी जमीन मूठभरांनाच का?' अशी पत्रकं मी एका वर्षी तिथे वाटायला पिशवीत भरून नेली होती.

"ही पत्रकं वाटलीस तर माझी नोकरी जाईल गं," आत्या म्हणाली. "थांब, आधी एक बॉल मारून घेते."

तिने चपला काढल्या, पदर खोचला आणि काठी फिरवली. बॉल तळ्यापार गेला तशी ती हिरवळीवर उड्या मारत ओरडली, "पत्रकं ठेव आत! पुढच्या वर्षी परत यायचंय मला!"

मी चरफडत पिशवी बंद केली. तेव्हा मला ती माघार वाटली. पत्रकं मी अजूनही वाटते; पण जमीन मागायची कशासाठी, हे मला आत्याच्या त्या उड्यांनी शिकवलं.